ताटावरचा पारोळा

जिजी गेल्याचं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं, आणि रडू आवरून म्हणाली, "भाऊ, तुमचं ताट आहे अजून इथं. घेऊन जा." त्याला आता महिना झाला. ताट आणलं, लिहायला मात्र आज बसलो...

जिजीची खानावळ सुरतेत, लिंबायतला, घराच्या पुढच्याच खोलीत. लूमवर काम करणारे आम्ही दहा-बारा खानदेशी तिथं जेवायचो. पहिल्या दिवशी तिनं गाव विचारलं. माझं गाव पारोळ्यापासून तीन कोस आत, कुणाला कळणार, म्हणून मी "पारोळा" म्हणालो. झालं, तेच माझं बारसं! नाव तिनं विचारलंच नाही. ताटं अदलाबदल होऊ नयेत म्हणून ती प्रत्येकाच्या ताटावर त्याचं गाव कोरून घ्यायची. मग आतून हाक यायची, "शिरपूर जेवनं का? पारोळा अजून उना नही का?" आणि पंगतीला बसलेले तालुके खाली मान घालून हसायचे.

तसं आपण सगळेच बोलतो. 'मिल सुटली' म्हणतो तेव्हा मिल जागच्या जागीच असते, 'गाव जमलं' म्हणतो तेव्हा एकही घर हललेलं नसतं. पण आपण बोलून मोकळे होतो, जिजी विचारही तसाच करायची. साक्रीवाला न सांगता दुसऱ्या खानावळीत गेला, तर हिनं अख्ख्या साक्रीवर राग धरला. "तठलं पानीच तसं शे," म्हणायची. त्या गावानं हिचं काय घोडं मारलं होतं! उलट तिच्या आजारपणात मी चार दिवस वेड्यावाकड्या पोळ्या लाटल्या, तर कौतुक झालं ते पारोळ्याचं.

पारोळा तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "एकदाव माले पारोळा दखाड," हे मी वीस वर्षं ऐकलं. पुढच्या दिवाळीत नेतो, म्हणायचो. लग्न झालं, हजीऱ्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, खानावळ सुटली, तरी भेटलो की तिचं तेच. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. नेऊन कुणाच्या दारात उभं करणार होतो? पारोळ्यात माझं कुणीच नव्हतं, आणि माझ्या गावातलं घर आईवडिलांमागं पडून गेलं होतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं, आणि त्याची आजही लाज वाटते.

शेवटचा भेटलो तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. सुनेनं माझं नाव दोनदा सांगितलं, जिजी भिंतीकडे बघत राहिली. मी वाकून म्हणालो, "जिजी, पारोळा उना." तिनं डोळे वळवले.

"जेवना का?"

खरं काय ते तेव्हाही ओठांवर आलं होतं... "हो, जेवलो," एवढंच म्हणालो. तेही खोटंच होतं.

आता कामावर मी फिटर, सोसायटीत चौथा मजला, घरी पप्पा. पारोळा म्हणून हाक मारणारं सुरतेत कुणी उरलं नाही. मुलगी गुजराती शाळेत जाते. परवा तिनं ताट तिरपं करून कोरलेली अक्षरं अडखळत लावली.

"पप्पा, आ पारोळा कोण छे?"

"मी," म्हणालो. पहिल्यांदाच ते खोटं वाटलं नाही, आणि ऐकायला जिजी नव्हती.