दोन घरांचं एक फाटक

शांतवन सरांना जाऊन आता सहा आठवडे होतील. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी देवासमोर बसले होते. माझी मुलगी रेवा दारात येऊन म्हणाली, "आई, सर गेले..." आणि मला रडू आलं नाही, आधी भीतीच वाटली. तशी मी जन्माची भित्री. देवालाही भिऊनच हात जोडत आले. उपवास मोडला तर काय होईल, वात विझली तर काय होईल, हीच माझी भक्ती. आणि भिंतीला भिंत लागून राहणारे हे ख्रिस्ती मास्तर मात्र देवाशी असे बोलायचे, की तो समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्याबरोबर चहाच पितो आहे.

आमची घरं दोन, अंगण एक आणि फाटकही एकच. सर मूळचे काटोलकडचे, नागपुरात शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी कृपाबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. मुलगा एकुलता एक, आशिष. गांधीबागेत कापडाच्या दुकानात चांगला कामाला होता, मग दारू लागली आणि दुकान सुटलं. एका दुपारी तो आईचं शिलाई मशीन उचलून निघाला. सर आडवे आले, तर त्याने मशीनचं लाकडी झाकण त्यांच्या कपाळावर हाणलं. मी ओसरीतून पाहिलं, आणि ओरडायचंही मला सुचलं नाही. सरांना सहा टाके पडले. आशिष मशीन घेऊन गेला तो गेलाच. त्या दिवसापासून सर रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की काठी टेकत फाटकापर्यंत जायचे. लोक फाटक लागलं का ते पाहायला जातात, सर ते उघडं आहे ना, हे पाहायला जायचे.

माझा जीव मात्र टांगणीला लागलेला. यजमान नाहीत, पोरगी मिहानमधल्या नोकरीवरून दिवेलागणीला एकटी घरी येते, आणि तो पुन्हा आला तर? एकदा मी न राहवून विचारलंच, "सर, तुमचा देव प्रेमळ आहे ना? मग लेकरू बापावर हात उगारतं तेव्हा तो नुसता पाहत काय बसतो? काहून करू देतो असं?"

सरांनी कपाळावरची पट्टी हलकेच दाबली. "वहिनी, हात बांधून ठेवलेलं लेकरू मारत नाही. पण ते गळ्यातही पडत नाही ना."

"बोलायला काय जातं? टाके तुम्हाला पडले."

"हो ना, मलेच पडले!" म्हणून ते हसले. "पुरतं मलेही समजलं नाही. वर्गात पोराईले सांगायचो, उत्तर येत नसलं तरी कागद कोरा नका ठेवू, जेवढं येते तेवढं मांडा. तेवढंच मांडून राहिलो."

मला काही ते पटलं नाही. मी म्हटलं, मी फाटकाला कुलूप लावते. त्यांनी वाद घातला नाही. "लावा ना. फाटक तुमचंही आहे." दुसरी किल्ली देऊ केली, तर घेतली नाही. म्हणाले, "त्यानं आवाज दिला तर तुम्ही आहात की." कुलूप लागल्यावरही संध्याकाळी ते जायचे, कुलपाला हात लावायचे आणि परत यायचे. काढा, असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

मे महिन्यातल्या एका दुपारी फाटक वाजलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी पडदा बोटभर सरकवला. आशिष होता. वाळलेला, दाढी वाढलेली, हातात कपड्यांची पिशवी. "बाबा... मी आलो ना, बाबा." त्याने फाटक पुन्हा हलवलं, मग माझ्या खिडकीकडे पाहिलं. "काकू, फाटक उघडून द्या ना. मी काही करत नाही, बाबाले भेटतो फक्त." मी पडद्याआड उभी. किल्ली मुठीत, अंग घामाने निथळत होतं. जा रे बाबा, जा, एवढंच मनात म्हणत होते. त्याने दहा-एक मिनिटं वाट पाहिली आणि तो निघून गेला. सरांच्या खिडकीला कूलर, त्याच्या घरघरीत त्यांना काय ऐकू जाणार, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा आवाज आला, "चहा झाला का वहिनी?" मला वाटलं, सुटले!

महिन्याभरात सरांच्या छातीत कफ साठला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मी मऊ वरण-भात घेऊन गेले होते. दोन घास खाऊन ते थांबले.

"वहिनी, त्या दुपारी कूलर बंद होता. लाइट गेली होती."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. भीतीच्या भरात माझ्या डोक्यावरचा पंखा थांबलेलाही मला कळला नव्हता...

"तुम्ही ऐकलंत?"

"सगळं."

"मग मला आवाज का नाही दिला? एक हाक मारली असती तर मी धावत जाऊन उघडलं असतं हो!"

"उघडलं असतं. माझ्या धाकानं." त्यांना धाप लागली. थोड्या वेळाने म्हणाले, "मी वाट पाहून राहिलो होतो. त्याची तं होतीच... तुमचीही."

त्यांच्या डोळ्यांत राग शोधला, तो नव्हता. तिसऱ्या दिवशी ते गेले. आशिषचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता, त्याच्यावाचूनच माती दिली. पाळक प्रार्थना म्हणत होते आणि माझ्या मनात माझाच जुना प्रश्न उलटून उभा राहिला. देव आशिषला का करू देतो, म्हणून मी इतके दिवस तावातावाने विचारत आले. त्या दुपारी मला का करू दिलं? माझा हात का नाही धरला कुणी? रागावणाऱ्या देवाची मला सवय आहे, त्याच्यापुढे नारळ फोडता येतो. वाट पाहणाऱ्यापुढे काय ठेवायचं, ते मला ठाऊक नाही, आणि त्याचीच आता जास्त भीती वाटते.

कुलूप मी त्याच संध्याकाळी काढलं. किल्लीसकट सरांच्या ओसरीतल्या खुर्चीवर ठेवलं आहे. रोज दिवा लावून झाला की फाटकापर्यंत जाते, उघडं आहे ना पाहते. तो येईल म्हणून भिते, आणि कधीच येणार नाही म्हणूनही. आला तर पहिलं वाक्य मलाच बोलायचं आहे, "तू आलास तेव्हा मी घरातच होते." रोज मनात म्हणून पाहते, पण ओठावर येत नाही. काल दुपारी फाटक वाजलं. कुरिअरवाला होता. तो आपलं आपण फाटक ढकलून आत आला, पाकीट ओसरीत ठेवून गेलाही, तेव्हा कुठे मला कळलं, की मी पडद्याआड उभी आहे आणि माझी मूठ घट्ट आवळलेली आहे. मुठीत काहीच नव्हतं.