अन्वरभाईंचे गोल तळाचे बूट

अन्वरभाईंना बूट विकताना पाहणं ही एक करमणूक होती. दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या एका बुटांच्या दुकानात बावीस वर्षं ते ठेंगण्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांत बूट चढवत होते. मोजा उतरायच्या आत पायाचा नंबर ओळखतो, असं ते स्वतःच सांगत. त्यातही गोल तळाच्या बुटांवर त्यांचा विशेष जीव. पंधराएक वर्षांपूर्वी या बुटांची लाट आली होती. तळ होडीच्या बुडासारखा, उभं राहिलं की माणूस किंचित डुलतो. तोल सावरता सावरता मांड्या-पोटऱ्या आपोआप घट्ट होतात, नुसते घालून चाला, जिमबिम काही नको, असा त्यांचा बोलबाला. लाट केव्हाच ओसरली, पण मालकाच्या जबल अली बंदराजवळच्या गोदामात खोकी उरली होती आणि ती खपवायचं काम अन्वरभाईंकडे होतं.

त्यांची एक युक्ती होती. गिऱ्हाइकाच्या एका पायात गोल तळाचा बूट चढवायचा, दुसऱ्या पायात त्याचा जुनाच ठेवायचा. "यल्ला मॅडम, दस कदम चलो." बाई चालायची. "अब बोलो, कौनसा पैर काम कर रहा है?" आता एका पायाखाली उंचवटा आणि दुसऱ्याखाली सपाट, असं चालवलं तर उंटालाही फरक जाणवेल. पण अन्वरभाई लबाड नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणीतरी तसं म्हणणारच. त्यांचा त्या बुटांवर मनापासून विश्वास होता. ते स्वतः तेच घालत आणि चोपन्नाव्या वर्षी पँट वर करून आपली टणक पोटरी गिऱ्हाइकांना दाखवत.

बायको गेल्यापासून दुबईतच, मुहैस्नाह वस्तीतल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची लेक फिझा, दोघंच राहत. फिझा फिझिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. बाप मराठीत विचारी, लेक इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

गावाला, दाभोळच्या खाडीकाठी, अम्मी होती आणि तिला सांभाळणारी त्यांची धाकटी बहीण शहनाझ. अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. त्या पावसाळ्यात तापानं ती दोन महिने अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा मांड्या पार वाळून गेल्या होत्या. डॉक्टरांनी औषधाबरोबर व्यायाम सांगितला. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. ओटा धरून टाचा उचलायच्या. कंटाळवाणं काम, पण शहनाझ समोर बसून करून घ्यायची. थंडी पडेपर्यंत अम्मी भिंतीच्या आधारानं पडवीपर्यंत जायला लागली. तिची मागणी फार नव्हती. मागीलदारी संडासला जाताना पोरीला हाक मारावी लागू नये, मरेपर्यंत तिथवर आपल्या पायांनी जाता यावं, बस.

हे ऐकून अन्वरभाईंना स्वतःचीच लाज वाटली. आपण जगाच्या पायांत बूट चढवतो आणि आपली म्हातारी आई तिकडे उठाबशा काढते! त्यांनी पाच नंबरचा पांढरा जोड बाजूला काढून ठेवला.

फिझानं ते खोकं पाहिलं आणि पुस्तक मिटलं. "अब्बा, नॉट फॉर दादी. प्लीज."

"का? तिच्या पायांत जोर यायला नको?"

"दे टेस्टेड दीज शूज. इलेक्ट्रोड्स ऑन द मसल्स. नॉर्मल शूज, टोनिंग शूज, सेम थिंग." अमेरिकेत काही कंपन्यांना असल्या जाहिरातींपायी गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले, हेही तिनं फोनवर काढून दाखवलं.

अन्वरभाईंनी पँट वर केली. "मग ही पोटरी कुठून आली?"

"यू गेट अप फ्रॉम दॅट स्टूल हंड्रेड टाइम्स अ डे, अब्बा. यू क्लाइंब दॅट लॅडर ऑल डे." खोकी काढायला ते माळ्यावर चढत, त्या शिडीबद्दल ती बोलत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादी कान्ट बॅलन्स इन देम."

पोरीनं हे प्रेमानं सांगितलं होतं, पण बापाला ते झोंबलं. बावीस वर्षांची अक्कल एका फोनवर खोटी ठरते म्हणजे काय! "याच बुटांवर तुझं कॉलेज चाललंय," ते म्हणाले. "खलास. विषय संपला."

गावाला निघालेल्या माणसाच्या बॅगेत बाकीच्यांनी आपापलं सामान कोंबायचं, हा तिकडचा शिरस्ताच आहे. वाडीतला यहया निघाला होता, त्याच्या बॅगेतून बूट गेले. आणि गावात दुबईहून आलेल्या वस्तूवर शंका घ्यायची पद्धत नाही. साबण असो, बाम असो, तिकडचा म्हणजे भारीच. त्यात हे तर लेकानं स्वतःच्या दुकानातून धाडलेले. व्यायाम बंद करा असं कुणी म्हणालं नाही. बूटच व्यायाम करून घेतात म्हटल्यावर उठाबशा कशाला, एवढंच झालं, आणि खुर्ची जेवणघरात परत गेली.

दुपारच्या सुट्टीत अन्वरभाई फोन लावत. शहनाझ फोन कपाटाला टेकवून ठेवी आणि अम्मी साडीखाली ते भलेथोरले पांढरे बूट घालून पडवीत चालून दाखवी. "कसं वाटतं?" "हलकं वाटतं, पोरा." अन्वरभाई खूश होऊन डबा उघडत. कपाटाला टेकवलेल्या फोनमध्ये अम्मी दिसायची, पण तिच्या कोपराखाली धरलेला शहनाझचा हात दिसत नसे. खुर्ची सुटल्यापासून पाय पुन्हा लटपटायला लागले होते. "भाईला सांगू या का?" असं शहनाझनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा अम्मीनं तिला डोळे वटारून गप्प केलं. हे सगळं अन्वरभाईंना फार उशिरा कळलं.

फेब्रुवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी बापलेकीचं बुटांवरून पुन्हा वाजलं. अन्वरभाईंनी तिथल्या तिथे गावाला फोन लावला आणि फिझाला शेजारी बसवून घेतलं. "तुझी पुस्तकं राहू देत. डोळ्यांनी बघ."

अम्मी उभी राहिली. पडद्याच्या कडेला पहिल्यांदाच त्यांना हात दिसला.

"शहनाझ, बाजूला हो जरा. तुझा हात येतोय मध्ये."

"भाई, आज राहू दे ना."

"अगं दोन मिनिटं! अम्मी, फिझाला दाखव चालून."

फिझा पुढे वाकली आणि तिला येत होतं तेवढ्या मराठीत म्हणाली, "दादी, नको. बस तू. खाली बस."

अम्मीनं नातीकडे पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि शहनाझचा हात झटकला. चार पावलं ती नीट चालली. पाचव्याला टाच मागे डुलली आणि अम्मी फोनमधून नाहीशी झाली. कपाटाला टेकलेला फोन जागचा हलला नाही. समोरची निळी भिंत तशीच दिसत राहिली आणि खालून अम्मीचा आवाज येत राहिला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तिचं काळीज भूल सोसणार नाही म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. घरी न्या, म्हणाले, आता पलंगावरच. अन्वरभाई तिसऱ्या दिवशी पोचले. विमानतळावर सोडताना फिझा त्यांना नुसती मिठी मारून उभी राहिली. मी सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना सबंध प्रवासभर वाटत राहिलं.

घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि अम्मी प्रत्येकाला एकच सांगत होती. "बुटांचं काही नाही हो. पडवीत पाणी सांडलेलं, मीच वेंधळी." अन्वरभाईंनी जेवणघरात जाऊन शहनाझला विचारलं, पाणी कधी सांडलं? शहनाझनं मान खाली घालून सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. ऐकून ते तिथेच, त्या खुर्चीवर बसले. उठवेना त्यांना.

संध्याकाळी खालच्या आळीची तानुबाई आली. अम्मीच्या बरोबरीची, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. पलंगाशी बसून रडली, नाक पुसलं, आणि जाता जाता अन्वरभाईंना म्हणाली, "अन्वर, तुजी आई लय तारीफ करते त्या बुटांची. मला पन एक जोड धाड रे. माजे गुडघे पार गेले."

"धाडील की!" अम्मी पडल्या पडल्या म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. "का नाही धाडणार? त्याच्याच हातातलं काम ते."

अन्वरभाई तानुबाईसमोर येऊन उभे राहिले.

"नको, तानुमावशी," ते म्हणाले. "त्या बुटांत काही नाही. कुणाच्या पायाला त्यानं जोर येत नाही. अम्मी खुर्चीच्या व्यायामानं चालायला लागली होती, तो माझ्यामुळे बंद पडला. पाणीबिणी काही सांडलं नव्हतं. पोरीला खोटं पाडायला मीच फोनवरून शहनाझला बाजूला हो म्हणालो."

तानुबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती निघून गेली. अन्वरभाई पलंगाशी येऊन बसले. आता अम्मी बोलेल, शिव्या घालेल, म्हणून वाट पाहत राहिले. अम्मीनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तशीच ती म्हणाली,

"कशाला सांगितलंस? सगळं घेतलं होतं ना मी माझ्यावर." तिचा श्वास लागला, ती थांबली. "आता सगळी वाडी तुला नावं ठेवील. मी उठून कुणाकुणाच्या घरी समजूत घालायला जाऊ?"