क्लॅरीची कॅसेट आणि झाडलेल्या खुणा

पश्चिम टास्मानियातल्या त्या खाणगावात पावसाची तक्रार कुणी करत नाही, छपराची करतात. ब्रॉनवेनने वाचनालय उघडलं, गळक्या कोपऱ्यातली बादली ओतून आली आणि परतीच्या पेटीतली ओली पुस्तकं हीटरसमोर उघडून उभी केली.

तेवढ्यात मर्ल पास्को छत्री झटकत आत आली. शुक्रवारी लेक तिला होबार्टला न्यायला येणार होती, कायमची. त्याआधी एकदा नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता. वाचनालयाने पूर्वी खाणकामगारांच्या आठवणी कॅसेटवर घेतल्या होत्या, त्यात तिचा क्लॅरीही होता.

ब्रॉनवेनने कॅसेटचा खोका पुढ्यात ओढला. कॅसेटवर नुसते क्रमांक. कुणाची कुठली, हे कॉम्प्युटरमध्ये, आणि ती यादी तिनेच घातलेली. नोंदीत कधी नाव आधी, कधी क्रमांक; दोहोंच्या मध्ये एक खूण, अख्खी नोंद संपली की दुसरी. या खुणा म्हणजे अक्षरं नव्हेत. छापल्यावर दिसायच्याही नाहीत, पडद्यावर तेवढे चौकोन उमटायचे. तिचा सहकारी केल्विन भारी टापटिपीचा. नव्या मशीनवर यादी नेताना त्याला ते चौकोन कचरा वाटले आणि अंगणातला पाचोळा झाडावा तसे त्याने ते झाडून टाकले. वर जुनी प्रतही आवरून ठेवली, म्हणजे पुसलीच. आता सगळी माणसं नि क्रमांक एकाच ओळीत दाटीने उभे. क्लॅरीच्या नावाअलीकडे एक क्रमांक, पलीकडे एक; त्यातला त्याचा कुठला ते कळत नाही, असं तिने मर्लला सांगितलं.

"मग दोन्ही लाव की गं पोरी," मर्ल म्हणाली.

पहिल्या कॅसेटवर कुणीतरी खाणीच्या कँटीनमधल्या मटण भरलेल्या पेस्ट्रीला शिव्या घालत होता. मर्लने शांतपणे ऐकून घेतलं. "हा डग. मेला मेल्यावरही मध्येच घुसतो."

दुसरीवर आधी खोकला आला. मर्लने खुर्चीची कड धरली.

क्लॅरी दिव्यांबद्दल बोलला, खाली उतरताना कानात बसणाऱ्या दड्यांबद्दल बोलला. मग थांबला. नुसती खरखर. चहा घेऊन आलेला केल्विन, कानापर्यंत लाल, बटण बंद करायला वाकला. मर्लने त्याचा हात धरला.

"थांब रे बाबा. गप्प बसलाय, संपला नाही. दोन गोष्टींच्या मध्ये तो असाच बसायचा. मला मागणी घालतानाही बसला होता. तेव्हा मी उठून गेले असते, तर?"

खरखर चालूच राहिली. चहावर साय धरली.

"बाकी मर्लला विचारा," क्लॅरी म्हणाला. "ती माझ्यापेक्षा बरं सांगेल."

मर्ल हसली, मग डोळे पुसत बसली. तिने कॅसेट पुन्हा लावायला सांगितली, आणि गप्प जागेला कुणी हात लावू नये म्हणून बटणापाशी आपलाच हात ठेवला.

केल्विनने खुर्ची ओढली आणि यादी उघडली. क्लॅरीची नोंद कुठे संपते, त्याने हळूच विचारलं. ब्रॉनवेनने पडद्यावर बोट ठेवलं. त्याने खूण घातली. एक बारका चौकोन उमटला.

"आता डगची," ती म्हणाली, आणि बादली भरत आली होती म्हणून उठली.