नवऱ्याचे पाच किलो

नवऱ्याने डंबेल्स आणली तेव्हा आम्ही चांगी विमानतळाजवळ, ईस्ट कोस्टला राहत होतो. दोन दांडे, लोखंडी चकत्या आणि टोकांना घट्ट करायचे नट. हव्या तेवढ्या चकत्या चढवायच्या, नको त्या काढायच्या. स्वारी शनिवारी सकाळी पाच किलो लावून वीस वेळा हात वर-खाली करायची आणि मग आठवडाभर चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसच्या खुर्चीत विश्रांती घ्यायची.

मी नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर, कामाची परवानगी नाही, म्हणजे घरीच. सुरुवातीला त्या चकत्या नुसत्या पुसायचे. एका दुपारी पुसता पुसता दांडा उचलून पाहिला, मग रोजच उचलायला लागले. चार महिन्यांत आठ किलोवर पोचले. व्यायाम झाला की जादा चकत्या उतरवून त्याचे पाच किलो होते तसे लावून ठेवायचे. चोरी म्हणाल तर चोरी. पण त्याला कळलं असतं तर तो शिकवायला उभा राहिला असता. पुण्यात त्याने मला स्कूटर शिकवली, पोहणं शिकवलं, आणि दोन्ही मी रडून सोडून दिलं. हा एक तास मला कुणाच्या सूचनांशिवाय हवा होता.

तेवढ्यात सासूबाई राहायला आल्या. दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या, घोरायला लागल्या, की मी चोरपावलांनी हॉलमध्ये यायचे. एका शुक्रवारी व्यायाम संपतो तोच माझ्या आईचा फोन आला आणि बोलण्याच्या नादात चकत्या उतरवायच्या राहून गेल्या.

शनिवारी नवऱ्याने "आई, बघ हं" म्हणत डंबेल उचललं आणि मला कालच्या चकत्या आठवल्या. सहाव्या वेळेला त्याचं कोपर थरथरायला लागलं, आठव्याला चेहरा लालबुंद.

डंबेल खाली ठेवत तो म्हणाला, "काल मीटिंग फार लांबली."

मला त्याची दया आली, आणि हसूही. ओठ चावून मी चहा गाळत राहिले.

सासूबाई मटार सोलत होत्या. "अरे, ते हिचं वजन आहे. काढायचं राहिलं असेल. पंधरा वेळा उचलते ही. मी मोजते ना रोज!"

गाळणं माझ्या हातून सिंकमध्ये पडलं. बाई एक दिवसही झोपल्या नव्हत्या!

नवऱ्याने चकत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "हे बघ, मनगट नेहमी सरळ ठेवायचं, आणि श्वास सोडताना..."

"तू आधी पंधरा कर," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मग शिकव तिला."