अठराने गुणायचे राहून गेले

श्रीपूरच्या फाट्यावर एसटी दिसली, तशी आईने माझ्या तळहातावर दहीसाखर ठेवली आणि चमच्याला चिकटलेली साखर स्वतः चाटून टाकली. "कारखान्याची साखर हाय, वाया घालवायची न्हाय." वडील त्याच साखर कारखान्यात होते. मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला निघालो होतो.

इथे माझे बरेचसे काम रक्तातली साखर तपासण्याचे. इथे ती मिलिमोलमध्ये लिहितात, म्हणजे रेणूंची मोजदाद. आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे वजन. इथल्या आकड्याला अठराने गुणले की आपला आकडा मिळतो. भारतातून आलेल्या रुग्णांचे जुने अहवाल पडताळताना हा हिशेब मी सहज करतो.

आईला मधुमेह झाल्याचे कळले, तेव्हा इथूनच साखर मोजण्याचे यंत्र पाठवले. कर्तव्य केल्याचे समाधानही मिळवले. दर रविवारी मी फोनवर विचारत असे, "साखर बरी आहे ना?" ती म्हणे, "लई कमी हाय." आकडा मी कधी विचारला नाही.

एका रविवारी ती म्हणाली, "तहान लई लागती बघ. साखर तर चौदाच हाय. शेजारच्या मंगलची दोनशेवर जाती. माझी उतरली म्हणून रोज गुळाचा खडा खाती."

मी पाठवलेले यंत्र इथल्या मापाचे होते. चौदा गुणिले अठरा, दोनशे बावन्न. परक्यांसाठी रोज करतो तो गुणाकार आईसाठी करायचा राहिला होता.

मंगलमावशींनी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. गोळ्या वाढल्या, तहान हळूहळू कमी झाली. मी रजा काढून भारतात गेलो आणि सोलापुरातून आपल्या मापाचे यंत्र घेऊन घरी पोहोचलो.

"माझा जन्म साखर कारखान्याच्या दारात गेला, आन् तुझं विलायती यंत्र साखर मोजाया चुकलं व्हय?"

"यंत्र नाही चुकलं, आई. मी चुकलो."

"असू दे. गूळ चांगला हुता."

माझ्यासारखे जे दूर गेले आणि जे मागे राहिले, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: घर म्हणजे आता मला ते ठिकाण वाटते, जिथला आकडा तिथल्याच मापाने विचारावा लागतो. 'बरं आहे' एवढ्यावर फोन ठेवता येत नाही.

निघताना आईने पुन्हा दहीसाखर दिली. चमचा तोंडाशी नेता नेता ती थांबली आणि तो माझ्यापुढे धरला. "घे, आता हे बी तूच चाट."