एकाच खेळाचा पट

सुलोचनामावशींना एकाही गेमचं नाव येत नसे. सावंगीत मेडिकल कॉलेजच्या दारात गेम पार्लर चालवायच्या, पण तोंडी फक्त ‘गाडीवाला’, ‘फुटबॉलवाला’ आणि ‘मुडदेवाला’. मुडदेवाला म्हणजे ज्यात मेलेली माणसं उठून अंगावर येतात तो. मेडिकलची पोरं शवविच्छेदन आटोपून यायची आणि नेमका हाच मागायची. मावशी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

मी त्याच कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन. गेममधलं सगळं आपल्यालाच कळतं असा माझा तोरा. समोर एसीचं नवं पार्लर उघडलं, चाळीस गेम घेऊन, आणि मावशींचं गिऱ्हाईक आटलं. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा प्रशांत रोज फोनवर म्हणे, दुकान बंद कर, माझ्याकडे ये. शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत ठरली; तोवर दुकान सावरलं नाही तर मावशींनी पुण्याला जायचं. आणि मावशींनी काय करावं? टीव्हीला जोडायचे तिन्ही जुने गेम कन्सोल विकले आणि त्याच आठवड्यात बाजारात आलेला एक नवा कोरा घेऊन आल्या.

मी उखडलोच. नव्या कन्सोलचं नशीब त्याच्यासोबत पहिल्या दिवशी किती गेम येतात त्यावर ठरतं, हे मी महिनाभर कानीकपाळी ओरडत होतो. याच्यासोबत धड असा एकच होता, गाडीवाला. स्वतःच्या हातानं दुकान बुडवलंत, असं मी तोंडावर बोललो. आजही आठवलं की लाज वाटते.

मावशी शांतपणे वायरी जोडत होत्या. त्या मूळच्या आंजी गावच्या. वडील तिथल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या जोड्यांची वेळ नोंदवायचे.

“बापू,” त्या मला म्हणाल्या, “पटात दरसाली नवा खेळ आणतेत का? तेच बैल, तेच रान. तरी लोकं झाडावर चढून पाह्यतेत. खेळ एक पुरे हाय. कोण जिंकते ते दिसलं पाह्यजे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीचं तोंड दाराकडे केलं आणि भिंतीवर फळा टांगला. एकच रस्ता, एकच गाडी, एका वेळी एकच फेरी, पुन्हा हवी तर पुन्हा रांग. वेळ खडूनं फळ्यावर, आणि नावापुढे गाव. बस्स, पेटलं! पुलगावच्या एका डॉक्टरानं पहिला नंबर पटकावला, तर आर्वीच्या नर्सनं दुसऱ्याच दिवशी त्याला खाली ओढलं. समोर चाळीस गेम होते खरे, पण तिथे कोण जिंकलं ते कोणाला कळतच नसे. आमचं गाव सेलू नवव्यावर अडकलं होतं आणि मी ड्यूटी सुटली की थेट रांगेत. मधे या कन्सोलचे नवे गेमही बाजारात आले. आणू का, असं मावशींनी विचारलं. एकानंही हात वर केला नाही.

दिवाळीच्या तोंडावर प्रशांत आईला न्यायला आला, दोन तिकिटं काढून. गर्दीत त्याला शिरता येईना. मीच त्याला हात धरून आत घेतलं. बराच वेळ फळा वाचून त्यानं विचारलं, यात आंजी कुठे आहे? आंजीचं कोणी खेळलंच नव्हतं. मावशींनी कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

बिचारा घामाघूम होऊन खेळला आणि बाविसावा आला.

“आंजीले इतकं खाली टाकून मी पुण्याले येऊ का?” मावशी म्हणाल्या. “लाग पुन्हा लाइनीत.”

लागला की! तीनदा लागला आणि अकराव्यावर आला. सारं दुकान ओरडत होतं, मी सगळ्यात मोठ्यानं. माझा सगळा शहाणपणा त्या बाईनं धुळीला मिळवला होता आणि मला कोण आनंद झाला होता! संध्याकाळच्या गाडीनं प्रशांत एकटाच पुण्याला गेला. जाताना मला बजावून गेला, संक्रांतीला येतो, तोवर फळा पुसू देऊ नका.