बाबांना न दिसलेलं लग्न

हे मी कुणाजवळच बोललेली नाही. दादाजवळ नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीजवळ नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालते — त्याला ठाऊक असेलच, मग आपण कशाला तोंड उघडायचं? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

तसं पाहिलं तर गोष्ट एका राउटरची आहे. हसू येईल तुम्हाला. वाय-फायच्या डब्यापायी एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होते.

आमचं घर रायपूरला, समता कॉलनीत. बाबा रेल्वेत गार्ड होते, नागपूरकडून बदलीवर आले आणि इथलेच झाले. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी, दोघंच. माझं लग्न झालं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, मग आईचं आजारपण निघालं, मग कुणी विषयच काढला नाही. सकाळी बसने नव्या रायपूरच्या ऑफिसात जायचं, संध्याकाळी यायचं. बाबांची औषधं, त्यांचं पथ्य, त्यांना दम लागला की पाठ चोळत बसणं — ते माझ्याकडे. त्याचं ओझं वाटायचं का? नाही, खरंच नाही. पण ऑस्ट्रेलियातून दादाचा फोन आला की बाबांचा चेहरा उजळायचा. माझ्यासाठी तो तसा कधी उजळला नाही. रोज समोर असणाऱ्या माणसासाठी कशाला उजळेल?

दादाच्या मुलीचं, सायलीचं लग्न तिकडेच ठरलं. बाबांना विमानाने न्यायला डॉक्टरांनी मनाई केली. दादा म्हणाला, लग्न इंटरनेटवर थेट दाखवू, बाबा टीव्हीवर पाहतील. आमचा जुना राउटर साधी मालिकाही धड चालू द्यायचा नाही. 'बेबी, चांगला राउटर घे,' दादाने मला सांगितलं. 'बाबांना सगळं दिसलं पाहिजे.'

बाबांनी गोल बाजारातून माझ्याकरवी नवा कुर्ता मागवला. शेजारचे वाघमारेकाका त्यांच्याच खात्यातले, त्यांना जोडीने आमंत्रण दिलं. एका संध्याकाळी मी दोघांना चहा देत होते. बाबा काकांना म्हणाले, "माह्या घरच्या पोरीचं लग्न पाहाचं राहून गेलं होतं. आता ते होऊन राहिलं."

मी तिथेच उभी होते. हातात कप होता. बाबांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. लाइन घरात कुठे येते आणि टीव्ही कुठे आहे, हे दुकानदाराने विचारलं. लाइन पुढच्या खोलीत, टीव्ही बाबांच्या खोलीत, एकदम मागे. मी हातात घेतलेला डबा त्याने बाजूला सारला. "दीदी, ये मत लो. बीच में दो दीवारें हैं, पीछे वीडियो अटकेगा." मग त्याने दुसरा पुढे ठेवला, दोन बँडचा, जास्त ताकदीचा. अटकेगा म्हणजे काय होईल, मी विचारलं. चित्र थांबेल, म्हणाला, आणि नुसतं गोल फिरत राहील.

मी पहिलाच घेतला.

पैशांचा प्रश्न नव्हता. विसरभोळेपणाही नव्हता. त्या भल्या माणसाने तरी पिशवीत एक लांब तार टाकली. ही सरळ टीव्हीला जोडा, मग नाही अटकणार, म्हणाला. म्हणजे बघा — तेही माझ्या हातात होतं. घरी येताना मी स्वतःला सांगितलं, लग्न रविवारी आहे, तोवर तार जोडू. तो पहिला राउटर मी कशासाठी घेतला, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

रविवारी बाबा सकाळीच कुर्ता घालून बसले. वाघमारेकाका-काकू आले. मी ताटलीत अक्षता ठेवल्या. लग्न लागायला अवकाश होता तेव्हाच चित्र सुरू झालं, पिवळ्या साडीत सायली आली. बाबा पुढे वाकले. "पाहा वाघमारे, आजीवर गेली ना पोट्टी?"

आणि चित्र थांबलं. सायलीचे डोळे अर्धे मिटलेले, आवाज बंद, मधोमध ते गोल फिरणारं.

"बेबी, काहून थांबून राहिलं ते?"

तार पुढच्या खोलीत, कपाटावर, त्याच पिशवीत होती. जोडायला कितीसा वेळ लागला असता? मी पुढे गेले. कपाटाजवळ उभी राहिले. हात वर गेला नाही. परत आले आणि म्हणाले, "आपल्याकडचं ठीक आहे, बाबा. तिकडूनच बंद पडलं."

काकांनी खिशातून फोन काढला, मोबाइलवर पाहू का म्हणाले. "तिकडूनच बंद आहे काका, मोबाइलवर कुठून दिसणार?" मी म्हटलं.

बाबांनी मुठीत अक्षता धरल्या होत्या. ते एकदा टीव्हीकडे पाहत, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. मुहूर्ताची वेळ झाली तसे म्हणाले, "लागलं असन आता." आणि त्या थांबलेल्या चेहऱ्यावर त्यांनी अक्षता टाकल्या. काका-काकूंनी टाकल्या. मीही टाकल्या.

तेव्हा मला काय वाटलं? हे सांगणं सगळ्यात जड आहे. वाईट नंतर वाटलं. आधी वाटलं — बरं झालं.

दुपारी दादाचा फोन आला. दिसलं ना बाबा, त्याने विचारलं. "दिसलं रे, सगळं दिसलं," बाबा म्हणाले. "पोट्टी लक्ष्मीवानी दिसत होती." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "त्याले काही सांगू नको. पोरीची पाठवणी करून राहिला तो, त्याले काहून दुःख द्याचं? आन् तू बस आता. सकाळपासून उभी हायेस."

दुसऱ्या दिवशी मी तार जोडली. बाबांनी क्रिकेटची मॅच लावली, चित्र एकदाही अडलं नाही. "तिकडचं सुधरलं वाटते," ते म्हणाले. मी हो म्हटलं. पुढे दादाने लग्नाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलं. बाबांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. पुढच्या थंडीत बाबा गेले.

दादा एकटाच आला. तेराव्याला नागपूरचे नातेवाईक जमले होते, पंगत उठायची होती. दादाचे डोळे भरून आले. "शेवटची भेट नाही झाली," तो सगळ्यांना म्हणाला, "पण नातीचं लग्न त्यांनी डोळे भरून पाहिलं. तेवढंच समाधान आहे मला. आणि ते या बेबीमुळे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. वाघमारेकाका पंगतीत होते. त्यांनी मान खाली घातली, बाबांनी झाकलेलं त्यांनीही झाकलं. काय घडलं होतं, ते त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं.

मी म्हणाले, "हो दादा. सगळं पाहिलं त्यांनी. खूप खूश होते."

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.